शुभाने ब्रेकच दाबला होता

आमच्या मिशिगनच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची यंदाची संपादक केतकी. पुण्याहून आयटीत आलेली, कामाला वाघ. जुलैत तिचा फोन आला. "काका, तुम्ही एवढी वर्षं कार कंपनीत होतात ना? मस्त हलकंफुलकं लिहा काहीतरी. कंपनीची हिस्टरी, जुनी मॉडेल्स, फनी किस्से. लोकांना नॉस्टॅल्जिया जाम आवडतो." मी हो म्हणून बसलो. चुलीत जावो तो नॉस्टॅल्जिया, असं तेव्हाच म्हणायला हवं होतं.

तर केतकी, आधी तुझी माफी मागतो. किस्से आहेत, ते सांगतो. पण मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती आत्ताच लिहून टाकतो, नाहीतर किस्से सांगत सांगत मी पळ काढीन. मला माझी सवय माहीत आहे. शुभा कानिटकरच्या गाडीला जो अपघात झाला, ज्यात अनंत गेला, तो तिने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबल्यामुळे झाला असं मंडळात सगळे मानतात. ते खोटं आहे. खोटं आहे हे मला अपघातानंतर चार दिवसांत कळलं होतं आणि मी नऊ वर्षं गप्प बसलो. हे वाचून कुणी माझं मन मोठं वगैरे म्हणू नका.

आता हिस्टरी. ती थोडक्यात उरकते. आमची कंपनी एका घोडागाड्या बनवणाऱ्या माणसाने काढली. त्याच्या नातवाच्या काळात तिच्या गाड्या बोटीएवढ्या लांब आणि नवरीसारख्या नटलेल्या असायच्या. बाप जी गाडी घेई तीच मुलगा घेई, दुसऱ्या कंपनीची घेतली तर जेवणाच्या टेबलावर भांडणं होत. मग पेट्रोल महागलं, जपानी गाड्या आल्या, आणि आमचे साहेब लोक दहा वर्षं म्हणत राहिले की ही खेळणी आहेत, कोण घेणार. मग एकेक कारखाना बंद, एकेक नाव बंद. कंपनी विकली गेली, परत विकली गेली. मी जिथे आयुष्य काढलं ती डेट्रॉइटजवळची इमारत पाडून तिथे पार्सलांचं गोडाऊन केलंय. परवा मी मागवलेला मिक्सर तिथूनच आला.

मी विनायक सोमण, मूळचा हर्णै बंदराचा. इथे मेटलर्जीत एम.एस. केलं आणि लागलो ते गंजाच्या खात्यात. पाटीवर काहीतरी भारदस्त नाव होतं, पण अख्खी कंपनी आम्हाला 'रस्ट शॉप' म्हणायची. काम काय, तर गाडी गंजते कशी, कुठे आणि किती वर्षांत, ते ती विकण्याआधी शोधून काढायचं. आमच्या मिशिगनमध्ये बर्फ पडलं की रस्त्यावर मीठ टाकतात. बर्फ वितळतं, खारं पाणी चाकांतून उडतं आणि गाडीच्या पोटाला जाऊन चिकटतं. वरून गाडी चकचकीत दिसते, खालून तिला वाळवी लागलेली असते. गिऱ्हाईक कधी खाली वाकून बघत नाही. त्याच्या वतीने वाकून बघायला कंपनीने आम्हाला ठेवलेलं.

आमच्याकडे एक खोली होती, न्हाणीघराएवढी. तीत सुटे भाग टांगायचे आणि खाऱ्या पाण्याचं धुकं सोडायचं. मग ते बंद करून दमट हवा. मग गरम कोरडी हवा. परत धुकं. ओलं, दमट, कोरडं, असं चक्र चार-पाच महिने चालवलं की गाडीचे दहा-बारा हिवाळे होऊन जातात. मग भाग बाहेर काढून भिंगाखाली बघायचे, खरवडायचे, कापायचे. घरी आलो की माझ्या शर्टाला मिठागराचा वास यायचा. सुनंदा, माझी बायको, ते कपडे वेगळे धुवायची आणि म्हणायची, "हर्णै सोडून आलास कशाला मग एवढ्या लांब?"

वॉरंटीच्या तक्रारीही आमच्याकडे यायच्या. फ्लोरिडातला एक गृहस्थ दर रविवारी गाडी मागच्या चाकांपर्यंत समुद्रात घालून होडी उतरवायचा आणि दरवर्षी पत्र लिहायचा की तुमची गाडी गंजते, लाज कशी वाटत नाही. एका बाईंच्या गाडीचं एकच चाक गंजायचं, तेही पुढचं डावं. तीन डीलर थकले. मी फोनवर विचारलं, घरात कुत्रा आहे का? तर म्हणाल्या, "आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे." त्या शेजाऱ्यांशी मग त्यांचं जोरात वाजलं असं ऐकलं.

एकदा पिस्कॅटवे नावाच्या गावातल्या डीलरकडून फोटो आले. नवी कोरी गाडी, आणि बॉनेटवर लालतांबडा डाग, खाली ओघळ. आमच्या खात्यात धावपळ. एवढ्या लवकर पत्र्यावर गंज आला म्हणजे रंगाखालचा थरच चुकला. मीटिंग बोलावली, रंगवाले आले, पत्रावाले आले, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतोय. मी फोटो बघितला आणि हसायलाच लागलो. ते कुंकू होतं. मधोमध स्वस्तिक काढलेलं, पावसाने पुसट झालेलं, आणि बंपरवर नारळ फोडल्याचा पोचा. तीस वर्षांत त्या मीटिंगएवढा भाव मला कधी मिळाला नाही. आमचा टेक्निशियन डेल त्यानंतर कुठलाही लाल डाग दिसला की मला हाक मारायचा, "विनी, ये रे, हा देवाचा आहे की आपला?"

हा डेल अलाबामाचा. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, शिक्षण शाळेपुरतं, पण गंजाची जाण आमच्या सगळ्या पीएच.डी.वाल्यांपेक्षा जास्त. भाग हातात घेऊन नुसता फिरवायचा आणि सांगायचा, हा अमुक वर्षं टिकेल. बहुधा बरोबर निघायचं. त्याच्याशी मी आयुष्यात एकदाच हुज्जत घातली, आणि ती ब्रेकच्या नळीवरून.

गाडीच्या तळाखालून पुढून मागे ब्रेकच्या नळ्या जातात. शाळेतल्या पेन्सिलीहून बारीक, लोखंडी. तुम्ही पाय दाबता, नळीतलं ब्रेक ऑइल तो दाब चाकापर्यंत पोचवतं आणि गाडी थांबते. नळी फुटली की ऑइल रस्त्यावर आणि तुमचा पाय तळाला. पुढे-मागे दोन वेगळे रस्ते असतात, एक फुटला तरी निम्मे ब्रेक राहतात, असं आम्ही पुस्तकात लिहितो. निम्म्या ब्रेकवर गाडी थांबते, पण तुम्हाला हवी तिथे थांबत नाही. हे काही आम्ही पुस्तकात लिहीत नाही.

तर या नळीवरचा जुना मुलामा बंद होणार होता, त्यातलं एक रसायन आरोग्याला वाईट म्हणून. पुरवठादाराने नवा मुलामा आणला. तो पास झाल्याशिवाय नवं मॉडेल निघणार नव्हतं आणि मॉडेलची तारीख तर जाहीर झालेली. चक्र पुरं करायला वेळ नव्हता. सगळ्यात जास्त वेळ खायचा तो कोरडं करण्याचा भाग. मी माझ्या अकलेने तोडगा काढला. कोरडं करणं काढून टाकायचं, सारखं ओलंच ठेवायचं, धुकं बंदच नाही करायचं. नळीला क्षणाचीही उसंत नाही. म्हणजे परीक्षा उलट जास्त कडक झाली, नाही का? आपल्या हाडीमाशी भिनलंय की पेपर जितका अवघड तितका चांगला. या कठीण परीक्षेत पास झालेली नळी सोप्यात नापास होईल कशी, असं मी साहेबाला फळ्यावर लिहून दाखवलं. साहेबाला फळा आवडला.

डेलने खोलीचं दार धरून ठेवलं. म्हणाला, "विनी, सुकू दे तिला. ओल्यात गंजाला काही करता येत नाही. तो सुकताना खातो."

"डेल, हे मी तुझ्याहून जास्त शिकलोय," मी म्हटलं. होय, असंच म्हटलं, याच शब्दांत. तो दार सोडून बाजूला झाला आणि नंतर कधी त्या विषयावर बोलला नाही.

आणि मी कुठला, तर हर्णैचा. होडीचा खिळा पाण्याखाली वर्षानुवर्षं धड राहतो आणि भरती-ओहोटीच्या रेषेवर, जिथे भिजतो आणि वाळतो, तिथे कुजतो, हे बंदरावरच्या कुठल्याही दालदीला, कोळ्याला विचारा. मी लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं. हे विसरायला मला अमेरिकेत येऊन एम.एस. करावं लागलं. नळ्या खोलीतून लखलखीत बाहेर आल्या. मी सही केली.

आता कानिटकर. नव्या मंडळींसाठी सांगतो. अनंत आणि शुभा आमच्याआधी दोन वर्षं इथे आलेले. आम्ही आलो तेव्हा विमानतळावर आम्हाला न्यायला तेच आले होते, आमचं पहिलं जेवण शुभाच्या हातचं. ती शाळेत केमिस्ट्री शिकवायची. अनंत काउंटीच्या रस्ते खात्यात इंजिनियर. म्हणजे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणारा तोच. "सोमण, मी मीठ टाकणं बंद केलं तर तू उद्या घरी बसशील," असं तो प्रत्येक पार्टीत म्हणायचा, आणि मी दरवेळी तेवढ्याच जोरात हसायचो. त्यांचा मुलगा निखिल आमच्याच घरी वाढला म्हणा ना.

कंपनी दरवर्षी प्रत्येक कर्मचाऱ्याला काही चिठ्ठ्या द्यायची. त्या दाखवल्या की नातेवाइकाला किंवा मित्राला गाडी सवलतीत मिळे. माझे नातेवाईक सगळे दापोली तालुक्यात, त्यामुळे चिठ्ठ्या मंडळात जायच्या. कुणाला गाडी घ्यायची झाली की, "काका, एक चिठ्ठी ठेवा हं आमच्यासाठी." गणपतीत लोक प्रसादाआधी माझ्याकडे यायचे. मला ते आवडायचं. त्या नव्या मॉडेलच्या चिठ्ठ्या तर मी आग्रह करकरून दिल्या. अनंत जपानी गाडी घेणार होता. मी त्याला म्हटलं, "लाज नाही वाटत? माझी सही आहे त्या गाडीवर." त्याने मुकाट्याने चिठ्ठी घेतली.

सात हिवाळे गेले. मंडळाची दिवाळी होती, शाळेच्या हॉलमध्ये. दुपारी तीनची वेळ, आम्ही आत खुर्च्या मांडत होतो. शाळेसमोरचा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे 'स्टॉप'ची पाटी आहे. शुभाची गाडी त्या पाटीशी थांबली नाही, सरळ मोठ्या रस्त्यावर गेली, आणि बाजूने खडीचा ट्रक आला. अनंत शेजारच्या सीटवर होता. अँब्युलन्स यायच्या आत गेला.

हॉलबाहेर उभ्या असलेल्या दोघांनी पोलिसांना सांगितलं, गाडी जराही स्लो झाली नाही. रस्त्यावर चाक घासल्याची खूण नाही. गाडी जुनी, आजच्या गाड्यांसारखी सगळं टिपून ठेवणारी पेटी तिच्यात नव्हती. पुढचा भाग इतका चेपलेला की सगळी तेलं-पाणी रस्त्यावर, त्यात ब्रेक ऑइल कुठून गळलं हे कोण बघतंय? चालवणारी बाई पासष्टीची. पोलिसांनी चालकाची चूक असं लिहून फाइल मिटवली.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो. शुभाच्या बरगड्या मोडल्या होत्या, खुबा मोडला होता. बोलताना धाप लागत होती. तरी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "विनायक, मी ब्रेक दाबला. पार खालपर्यंत गेला रे. काही झालंच नाही. परत दाबला. तू तरी ऐक, हे लोक ऐकतच नाहीत."

"पड तू आता," मी म्हटलं. पण पाय खालपर्यंत जाणं म्हणजे काय, ते त्या हॉस्पिटलात एकट्या मला कळत होतं.

निखिल नोकरीच्या गावाहून, प्लेनोहून आलेला, कॉरिडॉरमध्ये उभा होता. म्हणाला, "काका, आई कन्फ्यूज्ड आहे. शी हिट द गॅस, ॲक्सिलरेटर दाबला तिने. या वयात होतं असं." त्याने मला अपघाताच्या गाड्या ठेवतात त्या टो यार्डातून गाडीतलं सामान आणायला सांगितलं, त्याच्याच्याने तिथे जाववत नव्हतं.

चौथ्या दिवशी गेलो. मागच्या सीटवरून अनारशांचा डबा घेतला, अनंतचा चष्मा घेतला. मग जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली सरकलो. पेट्रोलच्या टाकीच्या वर एक खाच असते, तिथे चिखल साठतो, भिजतो, वाळतो, परत भिजतो. तिथेच नळी फुटलेली. उरलेल्या निम्म्या ब्रेकने गाडी त्या पाटीआधी थांबली नसती. भोवती ऑइलचा ओघळ, मागच्या दिशेने गेलेला, त्यावर धूळ चिकटलेली. म्हणजे अपघाताआधी, गाडी चालू असताना गळलेलं. मी माझ्या गाडीतून कटर आणला आणि तो वीतभर तुकडा कापून घेतला. यार्डातल्या माणसाने विचारलंसुद्धा नाही.

लॅबमध्ये तुकडा उभा कापला, घासला, भिंगाखाली ठेवला. मुलामा पापुद्र्यासारखा सुटलेला, त्याखाली लोखंड खात खात कागदाएवढं उरलेलं. अशी नळी मला माझ्या खोलीत चार महिन्यांत दिसली असती, कोरडी हवा सोडली असती तर. डेल तोवर रिटायर होऊन गावी गेलेला. नाहीतर त्याने नुसती हातात धरून सांगितलं असतं.

गाडीत दोष सापडला तर जिथे कळवायचं, ते सुरक्षेचं ऑफिस दोन मजले वर होतं. लिफ्टने अर्धं मिनिट. तेव्हा कंपनी परत विकली जाणार म्हणून बोलणी चाललेली, रोज कुणाची तरी नोकरी जाऊन खोकी भरली जात होती, मला निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. ही कारणं मी सुनंदालाही सांगितली होती, ती असताना. ती ऐकून घ्यायची आणि उठून जायची. कारण खरं एकच. अनंतला मी मारलं, हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकण्याची माझी हिंमत नव्हती. तो तुकडा मी भंगाराच्या ड्रममध्ये टाकला, शेकडो तुकड्यांत. शुक्रवारी ड्रम गेला. कानिटकरांची गाडी विम्यावाल्यांनी त्याच आठवड्यात चेपून टाकली. पुरावा म्हणून जे काही होतं ते एवढंच, आणि ते मीच नाहीसं केलं.

मग मी काय केलं? चिठ्ठ्या दिलेल्या घरांची यादी काढली आणि एकेकाला फोन केला. "शनिवारी गाडी घेऊन या, जरा खालून बघून देतो." माझ्या गॅरेजमध्ये गाडी ठोकळ्यांवर चढवायची, जुनी नळी काढायची, तांब्या-निकेलची नवी घालायची. दीड वर्ष एकही शनिवार सोडला नाही. काहींच्या नळ्या धड होत्या, काहींच्या हाताने मोडत होत्या. लोक विचारायचे, "काय झालं होतं, काका?" मी म्हणायचो, "काही नाही, वय झालं की बदलावी." लोकांच्या बायका डब्यातून पोहे पाठवायच्या. मंडळाबाहेर त्या मॉडेलच्या किती गाड्या रस्त्यावर होत्या, कुणाच्या नळीचं काय झालं, मला माहीत नाही. मॉडेल पुढे भलत्याच कारणाने बंद पडलं. त्या माणसांना मी फोन केला नाही.

आणि मंडळाने माझा सत्कार केला. जुन्या लोकांना आठवत असेल. निःस्वार्थ सेवा म्हणून शाल, श्रीफळ आणि लाकडी पाटी. अध्यक्ष भाषणात म्हणाले, कानिटकरांसारखा प्रसंग पुन्हा कुणावर येऊ नये म्हणून सोमणकाका आपल्या ज्येष्ठांच्या गाड्या बघून देतात, पण गाडी चांगली असून काय उपयोग, चालवणाऱ्याचा पाय ठिकाणावर हवा. हॉल हसला. मी शाल अंगावर घेऊन उभा होतो आणि मीही हसलो. शुभा तेव्हा नव्हती, तिला निखिलने प्लेनोला नेलं होतं. तिने परत कधी गाडी चालवली नाही.

यंदा केतकीचा फोन आल्यावर लिहायला बसलो. कुंकवाचा किस्सा झाला, डेल आला, आणि डेलच्या पाठोपाठ ते खोलीचं दार आलं. पुढे एक अक्षर लिहवेना. ऑगस्टमध्ये तिकीट काढलं आणि प्लेनोला गेलो.

निखिलचं घर मोठं, दिवसभर शांत. नवरा-बायको ऑफिसात, नातवंडं कॅम्पला. शुभाने दार उघडलं. वाळली होती, पण चहा स्वतः केला, आलं किसून. म्हणाली, "इथे दूध संपलं तरी कुणाची तरी वाट बघत बसायचं. पोरांना शाळेतून आणते म्हटलं होतं मी, तर निखिल म्हणाला, आई, प्लीज. नंतर नाही विचारलं."

मी कप बाजूला ठेवला आणि सांगितलं. सगळं, जसं इथे लिहिलंय तसं. फळा, डेल, सही, टो यार्ड, ड्रम. संपल्यावर तिने कागद-पेन्सिल आणली. "नळी कुठून जाते, दाखव काढून." मी काढून दाखवलं. तिने दोन प्रश्न विचारले, मुलाम्याचा आणि सुकण्याचा, दोन्ही नेमके. केमिस्ट्रीची बाई.

मग म्हणाली, "म्हणजे मी दाबला होता."

"दाबला होतास. दोनदा."

"परत सांग."

मी परत सांगितलं. ती रडली नाही, मला शिव्या दिल्या नाहीत. त्या मी ऐकायला तयार होऊन आलो होतो. तिने तो कागद घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला आणि निखिलची वाट बघत बसली. साडेपाचला तो आला. "बस," ती त्याला म्हणाली. "विनायक काय सांगतोय ते ऐक."

मी परत एकदा सगळं सांगितलं. तो उभ्यानेच ऐकत होता, हातात किल्ल्या तशाच. सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "काका, तो पार्ट आहे? फोटो, रिपोर्ट, एनीथिंग?"

"नाही. मीच टाकला."

"लॅबचे रेकॉर्ड्स?"

"लॅबच नाही आता."

त्याने मान हलवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, दॅट इज सो काइंड ऑफ यू. खरंच. एवढ्या लांब आलात. पण आम्ही आईला कधी ब्लेम केलं नाहीये."

"काइंड काय, अरे, मी खरं सांगतोय."

"हो, हो. आय नो." आणि त्याने शुभाकडे बघितलं, तिने त्याच्याकडे. तिच्या चेहऱ्यावर घटकाभरापूर्वी जे आलं होतं ते माझ्यासमोर गेलं. मला मोटेलवर सोडताना तो गाडीत म्हणाला, "तिचं विसरणं वाढलंय, काका. डॉक्टर म्हणतात जुनं उकरू नका. पण तुम्ही जे केलंत, थँक यू. बाबा म्हणायचे, सोमणसारखा मित्र नाही." मी गाडी थांबव म्हटलं. पुढच्या सिग्नलला उतरलो आणि चालत गेलो. त्या गावात फुटपाथसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी विमानाआधी तिचा निरोप घ्यायला गेलो. शुभा ओट्याशी उभी होती. तिने मला बसवलं, समोर लाडवाची बशी ठेवली, आणि लहान मुलाची समजूत काढावी तसं बोलायला लागली.

"विनायक, तू हे माझ्यासाठी केलंस, कळलं मला. बरंही वाटलं. पण आता पुरे. पाय माझा होता, मला माहीत नाही का कुठे होता ते? ॲक्सिलरेटरवर होता. मला आठवतंय."

"शुभा, तू मला हॉस्पिटलात स्वतः सांगितलं होतंस. ब्रेक दाबला, खालपर्यंत गेला. माझा हात धरून सांगितलंस."

"सांगितलं असेन," ती म्हणाली. "खोटं बोलले असेन तेव्हा. आपल्या हातून माणूस गेलं, की घाबरून बोलतोच ना रे आपण खोटं."